नारिंगाची युरोपातली नावं

श्रोतेहो, नमस्कार.

अथेन्सच्या बाजारात गोड नारिंग हवं असेल तर 'पोर्तोकाली' मागायचं. बुखारेस्टमध्ये तेच 'पोर्तोकाला', सोफियात 'पोर्तोकाल'. फळाच्या नावात पोर्तुगाल देश जसाच्या तसा बसलाय. पण याच नावाने लिस्बनमध्ये फळ मागितलंत, तर फळवाली तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तिच्या लेखी ते 'लारांजा'. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेल्या मालाला गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव दिलं, पोर्तुगीजांनी स्वतः कशाला द्यावं? आपणही वेगळं काय केलं? आपली मोसंबी म्हणजे मोझांबिकची. तीही पोर्तुगीजांचीच वाट. आणि बरं का, युरोपात ज्याला ऑरेंज म्हणतात ते वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने आपल्या संत्र्यापेक्षा जालन्याच्या मोसंबीला जवळचं.

हे गोड फळ युरोपात पसरलं ते साधारण 15व्या शतकाच्या अखेरीपासून. त्याच्या कितीतरी आधी तिथे कडवट, आंबट नारिंग पोचलं होतं. अरबांनी ते सिसिलीत आणि स्पेनमध्ये लावलं. सेव्हिलच्या रस्त्यांवर आजही ही झाडं फळांनी लगडतात. पण फळ तोडून तोंडात टाकलंत तर तोंड वाकडं होईल. ते मार्मलेडसाठी.

या कडवट फळाबरोबर जे नाव गेलं, ते आपल्याकडचं. संस्कृतात 'नारंग', आणि तेही बहुधा द्राविडी भाषांमधून आलेलं. फारसीत ते 'नारंग'च राहिलं, अरबीत 'नारंज' झालं. हंगेरीत आजही 'नारांच' म्हणतात, आपल्या कानाला ओळखीचंच वाटावं असं. स्पॅनिशमध्येही सुरुवातीचा 'न' शाबूत आहे. पोर्तुगीजांनी मात्र 'न'चा 'ल' केला. आपल्याला यात नवल वाटायला नको; आपण नाही का 'निंब'चं 'लिंब' केलं आणि नंबरचा 'लंबर'?

इटलीत तर तो 'न' गेलाच. तिथे 'एक' या अर्थाचा शब्द 'उना'. 'उना नारांचा' भरभर म्हणता म्हणता दोन 'न' एकमेकांत मिसळले, आणि उरलं 'आरांचा'. इंग्रजीत 'अ नॉरेंज'चं 'अन ऑरेंज' झालं असं बरेचजण सांगतात. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला आणि तिथे तो 'न' आधीच गळालेला होता. फ्रेंचांनी त्याच्या तोंडी 'ओ' आणला. फ्रेंचमध्ये 'ओर' म्हणजे सोनं, आणि सोनेरी फळाला ते शोभलं असावं.

आता खरी गंमत. फ्रान्सच्या दक्षिणेला ओरांज नावाचं एक जुनं गाव आहे. रोमनांचं मोठं नाट्यगृह तिथे अजून उभं आहे. या गावाचा आणि फळाचा काडीचाही संबंध नाही. रोमनांच्या काळी त्याचं नाव होतं 'आराउसिओ', तिथल्या एका जलदेवतेवरून पडलेलं. झिजत झिजत ते फळाच्या नावासारखं झालं, एवढंच. पण 1544 मध्ये या गावची जहागीर वारसाने नासाउ घराण्यातल्या अकरा वर्षांच्या विल्यमला मिळाली. हाच पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता झाला. घराण्याचं नाव ओरांज, म्हणून रंगही तोच. डच फुटबॉलपटूंचा नारिंगी सदरा येतो तो इथून. आणि एवढं नारिंगीचं वेड असलेले हे डच लोक फळाला काय म्हणतात? 'सिनासआपल', म्हणजे चीनचं सफरचंद! रशियन आणि स्वीडिश 'अपेल्सिन'चा अर्थही तोच.

याच घराण्यातला तिसरा विल्यम इंग्लंडचा राजा झाला. 1690 मध्ये आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी त्याने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. तिथल्या प्रॉटेस्टंटांनी 1795 मध्ये त्याच्या नावाने 'ऑरेंज ऑर्डर' ही संघटना काढली. आयर्लंडच्या झेंड्यात हिरव्या आणि पांढऱ्याच्या शेजारी तो नारिंगी पट्टा आहे ना, तो या प्रॉटेस्टंटांचा. एका जलदेवतेचं गाव आणि आपलं नारंग, दोघं एका पट्ट्यात येऊन बसलेत.

इंग्रजीत रंगाला हे नाव मिळालं ते फळ आल्यानंतर, 16व्या शतकात. त्याआधी 'पिवळा-तांबडा' असं जोडून म्हणत, किंवा सरळ तांबडा. म्हणून इंग्लंडच्या रॉबिन पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असूनही त्याचं जुनं नाव 'रेडब्रेस्ट', म्हणजे लालछाती.

आणि आपलं नागपुरी संत्रं? ते ज्या गटातलं, त्याला इंग्रजीत 'मँडरिन' म्हणतात. चीनच्या बादशहाच्या बड्या अंमलदारांना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. शब्द चिनी मुळीच नाही. तो त्यांनी मलय लोकांकडून उचलला, आणि मलय लोकांनी आपल्याकडून. मूळ शब्द 'मंत्री'.

नमस्कार.