रिळाच्या कडेवरचं साल

(दृश्य: उजेडाच्या काचेवर पसरलेली सुपर एटची, म्हणजे घरगुती चित्रीकरणाची 8 मिमी फिल्म)

ठाण्यात, वाशीत, जुन्या घरांच्या माळ्यावर अजून अशी रिळं निघतात. बारसं, लग्न, गच्चीवरची पोरं, आणि मागे ओझरती दिसणारी खाडी. देशाच्या स्मृतीवरचा प्रायोगिक चित्रपट सापडलेल्या फिल्ममधून जोडायचा, तर 1948 मध्ये सुरू झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या समाचारचित्रांइतकंच मोल या घरगुती रिळांना आहे.

डबा उघडला की आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेट, फिल्मच्या पट्टीचं प्लॅस्टिक, कुजायला लागलंय. ते रीळ लगेच वेगळं ठेवायचं, कारण त्याची आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. आकसलेल्या फिल्मची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत, कडा फाटतात. तिला दाते नसलेला स्कॅनरच हवा. पावसाळी दमटपणात बुरशी धरते, पण पाण्याचा हात लावायचा नाही. इमल्शन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, जिलेटिनचं असतं. ते फुगून चित्रासकट सुटतं.

(दृश्य: भिंगाखाली फिल्मची कडा)

कोडॅकच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा साल सांगणाऱ्या बारीक खुणा असतात. त्या 20 वर्षांनी पुन्हा त्याच येत. म्हणजे एकच खूण 1956 चीही असू शकते, 1976 चीही. सुपर एट बाजारात आली 1965 मध्ये, त्यामुळे इथे 1956 बाद. तरी हे साल फिल्म तयार झाल्याचं. चित्रीकरण नंतरचंही असेल. एवढी तपासणी टाळली, तर आणीबाणीतला रस्ता बिनबोभाट नेहरूंच्या काळात जाऊन बसतो.

50 फुटांच्या रिळात 3,600 फ्रेम. सेकंदाला 18 च्या गतीने 3 मिनिटं 20 सेकंद. त्याच फ्रेम सिनेमाच्या नेहमीच्या 24 च्या गतीने सोडल्या, की माणसं तुरुतुरु पळतात. दर तिसरी फ्रेम दोनदा घ्यावी, हिशेब जुळतो. संगणकाकडून मधल्या फ्रेम मात्र बनवून घेऊ नयेत. कॅमेऱ्याने न पाहिलेला क्षण स्मृती म्हणून दाखवणं आम्हाला मान्य नाही.

जानेवारी 1984. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी उरणजवळच्या जासईच्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. गोळा केलेल्या रिळांत तो प्रसंग नसेल, तर दुसऱ्याच मोर्चाची गर्दी तिथे चिकटवू नये. रिळाच्या टोकाची, ओरखडे पडलेली काळी फिल्म चालू द्यावी. त्यावर त्या गावच्या माणसाचा आवाज, आगरी बोलीतच. ध्वनिमुद्रणाआधी त्याची लेखी परवानगी, आणि श्रेयनामावलीत नाव द्यायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.