साचलेल्या पाण्याची साक्ष

मित्रहो, गल्लीत गुडघाभर पाणी साचते त्या रात्री सगळे रहिवासी एकमुखाने बोलतात. पण नगरपालिकेचा अभियंता पाहणीला येतो तेव्हा बहुधा रस्ता कोरडा असतो, आणि ‘गटार तुंबते, लक्ष द्यावे’ एवढ्या ओळीवरून त्याने काय ओळखावे? पाणी साचले असताना तिथे हजर असतो ते आपण, म्हणून त्या पाण्याची साक्ष नोंदवून ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, एवढेच मला आज सांगायचे आहे.

तुंबण्याची कारणे निरनिराळी असतात आणि पाणी ती आपल्या वागण्यातून सांगते. जाळीवरचा पालापाचोळा बाजूला करताच तळे झरझर उतरले, तर अडथळा जाळीशीच होता. जोराच्या सरीत पाणी चढून सर थांबताच ओसरत असेल, तर वाहिनी अपुरी असण्याचा संभव अधिक. पाऊस थांबून कित्येक तास लोटले तरी पाणी हलत नसेल, तर वाहिनीत गाळ असावा, तिचा उतार बिघडला असावा, किंवा ती ज्या नाल्याला मिळते त्याचीच पातळी वर असावी. पाऊस नसताना चेंबरमधून काळे पाणी येत असेल, तर प्रश्न मलवाहिनीचा आहे आणि तो बहुधा दुसऱ्याच विभागाकडे जातो. हा भेद न सांगणारा अर्ज टेबलांवरून फिरत राहतो. त्यामागे दर वेळी अनास्थाच असते असे मी मानत नाही.

अपुऱ्या वाहिनीबाबत रहिवाशांची सर्वाधिक फसगत होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर पाणी. तेव्हा 1,000 चौरस मीटर फरसबंद जागेवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ 50,000 लिटर पाणी गटाराकडे धावते. मोकळी माती असती तर त्यातले बरेचसे मुरले असते. शिवाय त्याच उतारावर वाहिनीचा व्यास निम्मा असेल, तर तिची वहनक्षमता निम्मी नव्हे, सुमारे एक षष्ठांश उरते. तिथे नुसता गाळ उपसून भागत नाही. मागणी वाहिनी बदलण्याची हवी, आणि ती अंदाजपत्रक तयार होत असताना पोचायला हवी, कारण भर पावसात त्यासाठी पैसा सहसा शिल्लक नसतो.

1849 साली लंडनच्या सेंट जाइल्स वस्तीतील रहिवाशांनी ‘द टाइम्स’कडे सह्यांचे पत्र पाठवले होते. शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या त्या पत्रात संडास नाहीत, गटारे नाहीत, आमच्या तक्रारींची दखल कोणी घेत नाही, असे लिहिले होतेच. पण एका तळघराचा घरक्रमांक देऊन तिथे रोज साठ माणसे झोपतात, हेही त्यांनी नमूद केले होते. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी संसदेत शिरली, तेव्हा मात्र काही आठवड्यांत कायदा झाला आणि अभियंते जोसेफ बाझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला पैसा मिळाला. गरिबांचे पत्र आणि संसदेची गैरसोय यांच्यामधली ती नऊ वर्षे मला अस्वस्थ करतात.

म्हणून पहिल्या मोठ्या पावसाआधीच एका पक्क्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. पाणी केव्हा चढले, कोणत्या खुणेपर्यंत आले, केव्हा उतरले, हे वहीत तारखेनिशी लिहा आणि खुणेसह छायाचित्र ठेवा. अशा तीन-चार नोंदी झाल्या की अर्ज करा, पोच घ्या, आणि अभियंता येईल त्या दिवशी ती वही घेऊन त्याच्यासोबत नाल्याच्या तोंडापर्यंत चालत जा.