दुष्काळाआधीचं बी

हवामान बदललं की सजीव बदलतात, असं आपण सहज म्हणतो. पण एखादं रोप आठवडाभर आधी फुललं, एवढ्यानं उत्क्रांती झाली असं होत नाही. ऊन लवकर तापलं म्हणूनही ते फुललं असेल. जनुकं जुनीच असतील. आनुवंशिक बदल झाला का, हे ठरवायचं तर पूर्वज आणि वंशज एकाच मातीत, एकाच पाण्यावर शेजारी शेजारी वाढवावे लागतात. मेलेले पूर्वज आणायचे कुठून? वनस्पतींच्या बाबतीत याला उत्तर आहे. त्यांचं बी जपून ठेवता येतं.

दक्षिण कॅलिफोर्नियात मोहरीच्या कुळातलं एक रानटी तण उगवतं. सलगम याच जातीतलं. तिथला पाऊस हिवाळ्यातला. तो थांबला की जमीन सुकते आणि या तणाचं वर्षभराचं आयुष्य संपतं. या तणाचं बी 1997 मध्ये गोळा करून ठेवलेलं होतं. पुढे 2000 ते 2004 अशी सलग कोरडी वर्षं आली. मग 2004 मध्ये त्याच जागांवरून पुन्हा बी घेतलं. स्टीव्हन फ्रँक्स, शीना सिम आणि आर्थर वाइस या संशोधकांनी दोन्ही बियांची आधी एक पिढी सारख्या परिस्थितीत वाढवली, म्हणजे साठवणुकीचा परिणाम निघून जावा. खरी तुलना त्यापुढच्या पिढीत केली. मला या अभ्यासातली ही काळजी फार मोलाची वाटते. घाई केली असती तर निष्कर्षावर कायम शंका राहिली असती.

दुष्काळानंतरची रोपं लवकर फुलली: एका जागची 1.9 दिवसांनी, दुसरीकडची 8.6 दिवसांनी. पूर्वज आणि वंशज यांचा संकर केला, तर त्याची फुलं मधल्या वेळेला आली. म्हणजे फरक जनुकांतलाच. उशिरा फुलणाऱ्यांचं बी धरण्याआधीच पाणी संपत होतं. त्यांचा वंश मागे पडत गेला. हे सगळं अवघ्या काही पिढ्यांत!

प्राण्यांमध्येही असा पुरावा मिळतो, पण वेगळ्या वाटेनं. उत्तर अमेरिकेत घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या पेल्यासारख्या पानांत साचलेल्या पाण्यात एका डासाच्या अळ्या वाढतात. दिवस किती लहान झाला, यावरून त्या हिवाळ्याची सुप्तावस्था कधी घ्यायची ते ठरवतात. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झाप्फेल यांनी 1972 आणि 1996 च्या डासांची तुलना केली. उत्तरेकडचे डास सुमारे 9 दिवस उशिरा सुप्त होऊ लागले होते. तापमान वाढलं तरी दिवसाची लांबी तीच राहते. बदलला तो त्या लांबीला डास देत असलेला प्रतिसाद.

तरी यातून सगळ्याच जाती तरून जातील असं समजू नका. तण आणि डास यांच्या पिढ्या भराभर येतात. ज्या झाडाला पहिलं फळ यायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात, त्याच्याकडे इतका वेळ नाही. कोणती जात बदलते आणि कोणती नाही, हे पुढे तपासता यावं यासाठी अमेरिकेत ‘प्रोजेक्ट बेसलाइन’ या बी-संग्रहाच्या प्रकल्पाने अनेक रानटी जातींचं बी मुद्दाम गोठवून ठेवलंय, पुढच्या संशोधकांनी ते उगवून पाहावं म्हणून.