काचेच्या टाकीतले कासव

शोभेच्या माशांच्या दुकानात, काचेच्या टाकीत पोहणारे हे जेमतेम तीन सेंटिमीटरचे हिरवेगार पिल्लू कोकणातले नाही. डोळ्यामागच्या लाल पट्ट्यावरून ओळखू येणारे हे रेड इअर्ड स्लायडर मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवे किंवा तळ्यात आणि भातखाचरात आढळणारे फ्लॅपशेल कासव घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे बांधावर सापडलेले कासव मुलांच्या हट्टाखातर बादलीत घालून घरी आणू नये.

विकतचे पिल्लू लहान राहत नाही. मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगते, ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. त्याला पोहण्यापुरते खोल पाणी तर हवेच, पण पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागाही हवी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन इथे उपयोगाचे नाही, कारण कवच बळकट होण्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. कोकणात तर जूनपासून चार महिने सूर्यदर्शनाचीच मारामार असते, तेव्हा हे किरण देणारा खास यूव्हीबी दिवा लावला नाही, तर कवच मऊ पडू लागते.

कासव उचलताना दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध कवचाच्या कडा धराव्यात आणि त्याला जमिनीपासून फार उंच नेऊ नये. नखे लागली की हात आपोआप सुटतो आणि पडलेल्या कासवाचे कवच तडकू शकते. मात्र खरा धोका नखांचा नाही. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही माणसाला जुलाब-तापाने आजारी पाडणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कासवांमुळे लहान मुले आजारी पडू लागल्याने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून कासवाला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती कासव देऊ नये.

विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, असे आपल्याकडे मानतात. पण नकोसे झालेले स्लायडर विहिरीत, तळ्यात किंवा खाडीत सोडले, तर ते अन्नासाठी आणि ऊन खाण्याच्या जागेसाठी देशी कासवांशी स्पर्धा करते. सांभाळणे जमेनासे झाल्यास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जाणकार पाळणाऱ्याकडे सोपवावे.