ओव्हर देताना, ओव्हर घेताना

नमस्कार श्रोतेहो.

दुपारचे दोन वाजत आले की सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात वेगळीच लगबग सुरू होते. सकाळपाळीच्या सिस्टरचं एक लक्ष एसटीच्या वेळेकडे, तर दुपारपाळीची नुकतीच पावसातून आलेली, छत्री अजून गळतेय. त्या पाच-दहा मिनिटांत अख्ख्या वॉर्डाची जबाबदारी एकीकडून दुसरीकडे जाते. आम्ही याला ‘ओव्हर देणं’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सुचवले, त्यांत ओव्हर नीट देण्याचाही समावेश होता.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. कातळावर गवत कापताना फुरसं चावलेला गडी दाखल आहे. ओव्हर काय मिळतो? “नऊ नंबर, स्नेकबाइट, एएसव्ही दिलंय, स्टेबल.” एएसव्ही म्हणजे सर्पविषावरची लस. पण हा ‘स्टेबल’ शब्द माझ्या हातात असता तर मी बंदच केला असता. गडी उठून चहा-बिस्कीट खातोय, दिसायला ठणठणीत. पण फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. ते तपासायला दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग ट्यूब एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर गोठलेलं नाही. सर्पविषाची लस दिल्यावर सहा तासांनी ही तपासणी पुन्हा करायची असते. लस सकाळी नऊला दिली असेल, तर तपासणी दुपारी तीनला येते, म्हणजे नव्या सिस्टरच्या पाळीत. ओव्हरमध्ये सांगायचं ते हेच होतं.

मात्र सगळा भार सांगणारीवर टाकून चालत नाही. ओव्हर घेणारीने तोंड उघडलं पाहिजे: “म्हणजे तीनला ट्यूब लावायची, रक्त गोठलं नाही तर डॉक्टरांना फोन, बरोबर?” फोनवरच्या ऑर्डरचंही तसंच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ पावसाच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. आकडा “वन फाइव्ह” असा सुटा करून डॉक्टरांना परत ऐकवायचा. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत.

आता फीडबॅकबद्दल. आपल्याकडे फीडबॅक म्हणजे राउंडच्या वेळी, रुग्णांदेखत, “तुला काही येतच नाही.” याने कोणी सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ऐकणारी पुढच्या वेळी चूक झाकायला मात्र शिकते. दुसरी अडचण अशी की दिलेल्या ओव्हरचं पुढे काय झालं, ते देणारीला कधी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी रूममध्ये दोन वाक्यं बोलली तरी पुरे: “काल तू तीनची वेळ सांगितलीस ना, रक्त गोठलं नव्हतं गं. दुसरा डोस वेळेत गेला.” किंवा, “ट्यूबवर वेळ लिहिली नव्हतीस, म्हणून मला पुन्हा रक्त काढावं लागलं.” काय घडलं आणि त्याचा काय परिणाम झाला, एवढंच बोलायचं. स्वभाव, घराणं, कोणत्या कॉलेजातून आलीस, हे काढायचं नाही.

माणसं कमी आहेत, एकेका सिस्टरकडे फार रुग्ण आहेत, हे खरं आहे आणि त्यावर मी आज बोलणार नाही. पण एका गोष्टीला जादा माणूस लागत नाही. कंत्राटी मुली सीनियरला चूक दाखवत नाहीत, करार पुढे वाढेल की नाही याची धास्ती असते. त्यांच्याकडून धाडसाची अपेक्षा करण्यापेक्षा इन्चार्ज सिस्टरनेच आधी विचारावं: “माझ्या ओव्हरमध्ये काय राहिलं?” आणि उत्तर मिळालं की कपाळाला आठ्या घालू नयेत. पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. रोज विचारत राहिलं, तर एखादी बोलू लागेल.

नातेवाइकांनो, ओव्हर शक्यतो खाटेपाशी व्हावा, तेव्हा तुम्हीही तिथे असाल. साप किती वाजता चावला, गावात कोणी झाडपाला लावला का, आधी दुसऱ्या दवाखान्यात काय इंजेक्शन दिलं, हे तुम्हाला ठाऊक असतं. सिस्टर चुकीची वेळ सांगत असेल तर तिथल्या तिथे बोला. आम्ही सवयीने “बाहेर थांबा” म्हणतो. थांबा बाहेर, पण वेळ सांगून मग.