पाण्याला वाट

(दृश्य : लांबोटीचा पूल. खाली सीनेचं पात्र, दोन्ही काठांना बाभळी, ऊस.)

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे लांबोटी लागते. चिवड्यासाठी इथं गाड्या थांबतात, चहा होतो, माणसं पुढं जातात. पुलाखालून सीना वाहते, पण तिकडं फारसं कुणी वाकून बघत नाही. वर्षातले बरेच महिने बघण्यासारखं पाणीच नसतं.

२०२५च्या सप्टेंबरात हाच महामार्ग या पुलापाशी बंद करावा लागला. दक्षिणेला विजयपूरकडे जाणारा रस्ताही सीनेच्याच पाण्यानं अडला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली नदीकाठची गावं एकामागून एक पाण्यात गेली. माणसं छतावर बसून होती. त्यांना काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कर आलं.

सोलापूर जिल्ह्याला पूर नवा नाही. पण आजवर पूर म्हटलं की डोळ्यांपुढं भीमा यायची, पंढरपूर यायचं. सीनेचा पूर वेगळा आहे आणि तो का वेगळा आहे हे समजून घेणं फार गरजेचं आहे.

(दृश्य : नकाशा. सह्याद्री, पुणे, उजनी, पंढरपूर.)

भीमेचं पाणी घाटमाथ्याचं. मावळात, मुळशीत, भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस पडतो, पुण्याची धरणं भरतात, मग उजनी भरते. जून ते सप्टेंबर अख्खा जिल्हा दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीत येणारं पाणी, विचारत असतो. आज किती, काल किती, उजनी वजातून अधिकमध्ये कधी येणार. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न मोजलेलं पाणी, म्हणून धरलं जातं. म्हणून आमच्याकडं धरणाचा साठा शून्याच्या खाली मोजायची सवय आहे. भीमेला पूर येणार असला, तर तो आधी पुण्याच्या आभाळात दिसतो. दौंडचा आकडा वाढतो, उजनीचे दरवाजे उघडतात, पंढरपूरच्या वाळवंटातली दुकानं हलवायला काही तास तरी मिळतात.

सीनेच्या डोक्यावर सह्याद्री नाही. ती अहिल्यानगरच्या पठारावर उगवते आणि बालाघाटाच्या उतारावरून धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परांड्याचं पाणी घेत खाली येते. तिचं सगळं खोरं पर्जन्यछायेतलं. पाऊस चुकवण्यासाठीच प्रसिद्ध असलेला हा मुलूख. वरची सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं भरायची वाट बघण्यात लोकांची उमेदीची वर्षं गेली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी भीमा-सीना जोड बोगद्यातून या नदीत सोडा, म्हणून मोर्चे निघतात. त्या सप्टेंबरात तीच धरणं तुडुंब होती, वरून पाऊस थांबत नव्हता आणि नदीत लाखाच्या वर क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाख घनफुटांहून जास्त, पाणी उतरत होतं. हे सगळं पाणी पर्जन्यछायेच्याच आभाळातून पडलेलं.

(दृश्य : खरडलेलं रान. वर गोटे, खाली मुरूम.)

ते दिवस नवरात्राचे होते. २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली. घटासाठी रानातली काळी माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, ही इथली घराघरातली रीत. त्याच आठवड्यात नदीकाठच्या रानांतून ती माती वाहून गेली.

पंचनाम्यात याला ‘जमीन खरडून जाणे’ म्हणतात. या मातीवर जिल्ह्याची शेती कशी उभी आहे ते बघितलं, म्हणजे नुकसानीचा खरा अंदाज येतो. सोलापूरचं मुख्य धान्य रब्बीची ज्वारी. ती पावसात वाढत नाही. पावसाळा सरता सरता, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरतात आणि पुढचे चार महिने ती जमिनीत साठलेल्या पाण्यावर उभी राहते. मीटरभर खोल काळी जमीन साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं इतकं पाणी कुठलंही धरण न बांधता, कुठलाही कालवा न काढता शेतकऱ्याच्या पायाखाली साठतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात इतकी वर्षं टिकली ती या मातीच्या भरवशावर. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच मातीमुळं. तेव्हा दोन फूट माती गेली म्हणजे एका हंगामाचं पीक गेलं एवढाच हिशेब होत नाही. पुढच्या प्रत्येक दुष्काळात जी ओल त्या घराला तारणार होती, ती ओल धरणारी जागाच गेली. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आणि दुष्काळ काही संपलेला नाही. २०२३चा पावसाळा कोरडा गेला, उजनी भरली नाही. २०२४च्या उन्हाळ्यात धरण वजा ६० टक्क्यांच्या घरात गेलं आणि पळसदेवचं उजनीच्या पाण्यात बुडालेलं देऊळ उघडं पडलं. त्याच्या दुसऱ्याच वर्षी सीनेचा हा पूर. मागं गेलं तर १४ ऑक्टोबर २०२०. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्रात शिरला, तेलंगण ओलांडून थेट सोलापूरवर आला. त्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि सहा जणांचा जीव गेला.

हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. समुद्र तापलेला, हवा तापलेली, म्हणून पाऊस लांबतो तेव्हा खूप लांबतो आणि येतो तेव्हा महिन्याचं पाणी दोन दिवसांत ओतून जातो. वर्षाची सरासरी मात्र कागदावर ठीकठाकच दिसते. सरासरीवर विसंबून केलेलं नियोजन आपल्याला यापुढं वाचवणार नाही.

(दृश्य : एकरुख तलावाचा बांध, संध्याकाळ.)

दुष्काळाशी कसं वागायचं हे सोलापूरला माहीत आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं तळं खोदलं. हिप्परग्याचा एकरुख तलाव ब्रिटिशांच्या काळातला, दीडशे वर्षं झाली, अजून उभा आहे. १८७६च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. १९७२च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडायला रस्त्यावर आले आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, जो पुढं देशानं घेतला. टँकर कधी लावायचा, चारा छावणी कशी चालवायची, पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, कशी काढायची, याची घडी बसलेली आहे. त्यात गैरप्रकार झाले असतील, उशीर झाला असेल, पण काय करायचं ते तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

पुराची अशी घडी आपल्याकडं नाही. ती आता बसवावी लागेल, आणि तिची सुरुवात एका आवडत्या घोषणेला पुढं नेण्यापासून करावी लागेल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणत आपण दोन पिढ्या काम केलं. रानात वाफे पाडले, बांध घातले, नाला बंडिंग केलं, जलयुक्त शिवार योजनेत ओढे खोल केले. हे काम सोडून चालणार नाही, कारण पुढचा कोरडा पावसाळा ठरलेलाच आहे. पण अडवलेल्या पाण्याला जादा झाल्यावर बाहेर पडायला वाट लागते. बांधाला दगडी सांडवा नसला, तर एका रात्रीच्या पावसात बांध फुटतो आणि फुटलेला बांध खालच्या चार रानांची माती घेऊन जातो. शिवारात फिरलं की हे ठिकठिकाणी दिसतं : बांध आहे, सांडवा नाही. ओढा गावनकाशावर आहे, रानात नाही. कोरड्या वर्षांत तो नांगरला गेला, त्यात ऊस आला, कुठं त्यावरून रस्ता गेला आणि खाली एकच नळी टाकली. शहरातही हेच. एकरुखचा सांडवा वाहू लागला की पाणी आदिला नाल्यानं येतं आणि वाटेत त्याला घरं भेटतात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पावसाळ्यात त्यांची दारं काढून ठेवायची आणि पाऊस सरताना टाकायची, म्हणजे शेवटचं पाणी अडतं. दारं लवकर टाकली आणि पूर आला, तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतं. उशिरा टाकली आणि पाऊस गेला, तर उन्हाळाभर नदी कोरडी. पूर्वी हा निर्णय नक्षत्र बघून होत असे. आता तो हवामान खात्याचा अंदाज आणि वरच्या धरणांचा साठा बघून, धाराशिव आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांनी एकत्र बसून घ्यायला हवा. नदीला जिल्ह्याची हद्द नसते, पण धरणाचे दरवाजे उघडणारा आणि गाव रिकामं करणारा माणूस मात्र वेगवेगळ्या जिल्ह्यांचा असतो.

(दृश्य : गावातल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण.)

नियम आहेत. नदीला दोन पूररेषा आखायच्या असतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित. पण या रेषा जुन्या पावसावर आखल्या जातात. सीनेसारख्या नदीवर २०२५चा पूर हिशेबात धरून त्या नव्यानं आखाव्यात, आणि त्या नुसत्या कार्यालयातल्या नकाशावर नकोत. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या खांबावर, विजेच्या डीपीच्या चबुतऱ्यावर रंगानं मारलेल्या हव्यात. नदीकाठच्या माणसाला आपली चूल त्या रेषेच्या वर आहे की खाली, हे उंबऱ्यात उभं राहून दिसलं पाहिजे.

पुरानंतर, ७ ऑक्टोबर २०२५ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि माती पुन्हा भरण्यासाठी रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंत काम. दुष्काळात खडी फोडण्यासाठी जन्मलेली योजना आता पुरात गेलेलं रान भरायला वापरायची आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण माती भरणं हे गावातल्या हातांचंच काम आहे. तलावातला गाळ काढून रानात टाकायची योजना २०१७पासून आहेच. ती इथं जोडता येते. मात्र गाळ तपासून टाकावा. नुसता चिकट गाळ मुरमावर ओतला, तर पाणी वर साचतं आणि उन्हाळ्यात फुटाफुटाच्या भेगा पडतात. गाळात शेणखत मिसळावं, पहिली दोन वर्षं हरभरा, ताग अशी जमीन बांधणारी पिकं घ्यावीत आणि सगळ्यात आधी उताराला सांडवा करावा. नाहीतर विकत आणलेली मातीही पुढच्या पुराबरोबर जाईल.

विम्याचा विषयही इथंच येतो. २०२५च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीकविमा बंद झाला, आणि स्थानिक आपत्ती किंवा काढणीनंतरच्या नुकसानीवर मिळणारी भरपाईही योजनेतून गेली. आता भरपाई महसूल मंडळातल्या पीककापणी प्रयोगाच्या सरासरीवर ठरते. नदीकाठची वीस रानं वाहून गेली आणि माळावरची बरी पिकली, तर सरासरी बरी दिसते. ज्या वर्षी पूर आला, नेमकं त्याच वर्षी हे कवच काढलेलं असणं शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे. ते परत आणायला हवं.

उसाबद्दल बोलल्याशिवाय सोलापूरच्या पाण्याबद्दल बोलणं खोटं ठरेल. राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने या जिल्ह्यात आहेत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात राहतो आणि आपल्या सरासरी पावसाच्या तिपटीहून जास्त पाणी पितो. तरी शेतकरी तो लावतो, कारण त्याला ठरलेला दर आहे आणि ठरलेलं गिऱ्हाईक आहे. ज्वारीचा हमीभाव कागदावरच राहतो, ठरलेलं गिऱ्हाईक नाही. काढणीला मजूर मिळत नाही, मळणी झाली की भाव पडतो. ज्वारीची हमीभावानं वेळेवर खरेदी आणि काढणीला यंत्र, या दोन गोष्टी दिल्या तर पीकपद्धती बदला म्हणून उपदेश करायची वेळ येणार नाही.

(दृश्य : सोलापूरजवळची कुंभारी. पत्र्याचं घर, मांडीवर सूप, विड्या वळणारे हात.)

सोलापूर शहरात आणि आसपास हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर पत्रा, आणि पंखा जोरात लावला तर तंबाखू उडते, पान वाळतं. उन्हाची लाट आली की दुपारी घराबाहेर पडू नका असा सल्ला दिला जातो. त्यांच्यासाठी ऊन घरातच असतं. जुन्या सोलापुरात माळवदाची घरं होती, मातीच्या जाड छतानं दुपार सुसह्य व्हायची. ती परत बांधता येणार नाहीत, पण पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग लावणं नगरपालिका-महापालिकांना परवडणारं काम आहे. घरकुलाच्या प्रत्येक योजनेत ते धरलं पाहिजे, आणि काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत उन्हाळ्यात तरी पाण्याचा दिवस चुकू नये.

(दृश्य : ग्रामसभा. सतरंजी, रजिस्टर, नदीकाठच्या गावातली माणसं.)

दर वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षीच्या रोजगार हमीच्या कामांची यादी ठरते. सीनाकाठच्या प्रत्येक गावानं त्या यादीत चार कामं घालावीत : गावनकाशा घेऊन ओढ्यांची मोजणी, प्रत्येक बांधाला दगडी सांडवा, खरडलेल्या गटांत माती भरणं, आणि पूररेषेच्या वर जनावरांसाठी एक पक्का निवारा. यादी सचिवाकडून लिहून घ्यावी, वाचून घ्यावी, मगच सही करावी. मृगाच्या आधी मोजणी आणि सांडवे पूर्ण झाले पाहिजेत, कारण पहिला मोठा पाऊस कधी येईल हे आता नक्षत्रावरून सांगता येत नाही.