ॲलन पेज: बचावफळीतला न्यायमूर्ती

मंडळी, अमेरिकन फुटबॉल म्हटलं की बहुतेकांना चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आठवतो. आज मी बोलणार आहे त्याला आडवं पाडणाऱ्याबद्दल.

या खेळात आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं आणि समोरच्या बचावफळीला ते होऊ द्यायचं नसतं. त्या फळीच्या मध्यावर, चेंडूच्या समोर वाकून उभा असतो तो डिफेन्सिव्ह टॅकल. पुष्कळदा त्याला रोखायला दोघं-दोघं नेमलेले असतात. त्याने काम चोख केलं, तर गुणफलकावर काहीच घडत नाही. क्रिकेटमध्ये पॉइंटवरच्या क्षेत्ररक्षकाने अडवलेल्या धावा स्कोअरबुकात कुठे लिहितात? तसंच हे.

ॲलन पेज या जागेवर खेळायचा. जन्म 1945, गाव ओहायोतलं कँटन. नोत्र दाम विद्यापीठाच्या 1966 च्या राष्ट्रीय विजेत्या संघातून तो 1967 मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाकडे आला. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांना लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणत. संघाचा पोशाख जांभळा होता, म्हणून. त्या जागेवरचे खेळाडू म्हणजे देहाचे डोंगर. पेज त्यामानाने सडपातळ. त्याची सगळी मदार वेगावर. चेंडू हलला रे हलला की समोरचा सावरायच्या आत हा पलीकडे पोचलेला असे.

1971 मध्ये तो एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी ठरला. बचावपटूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पुढे 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला मिळाला, आणि त्यानंतर तो आजवर कुठल्याही बचावपटूच्या वाट्याला आलेला नाही! क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं, म्हणजे ‘सॅक’, याची अधिकृत नोंद लीगने 1982 पासून सुरू केली. पेज निवृत्त झाला 1981 च्या हंगामानंतर. अभ्यासकांनी जुन्या नोंदी धुंडाळून त्याच्या नावावर 148.5 सॅक लावले, पण अधिकृत यादीत ते नाहीत. वायकिंग्ज चार सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढती, खेळले आणि चारही हरले, तेव्हा सुपर बोलच्या विजेतेपदाचं म्हणाल तर तेही नाही.

आता त्याच्या उत्तरार्धाकडे येतो. मला खरा रस तिथे आहे. खेळत असतानाच त्याने मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याचं शिक्षण घेतलं आणि 1978 मध्ये पदवी मिळवली. पत्नीने सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली, तिच्याबरोबर हाही पळू लागला आणि वजन बरंच उतरलं. प्रशिक्षक बड ग्रँटना ते पसंत नव्हतं. 1978 च्या हंगामाच्या मध्यावर संघाने त्याला सोडून दिलं. शिकागो बेअर्सनी त्याला उचललं ते शंभर डॉलर शुल्क भरून. एमव्हीपीची ही किंमत! पण पठ्ठ्या तिथेही उरलेली वर्षं खेळत राहिला. सगळ्या कारकिर्दीत मिळून सलग 218 सामने, एकही न चुकवता. मधल्या काळात, 1979 मध्ये, त्याने मॅरेथॉनही पुरी केली.

1992 मध्ये त्याला मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती. हो, तिथे न्यायाधीश मतदानाने निवडतात. पण गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी एका विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवून दिली आणि त्या जागेची निवडणूकच टळली. पेज थेट कोर्टात गेला. प्रकरण त्याच न्यायालयातल्या सहकाऱ्याचं, म्हणून तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले आणि बदली न्यायाधीशांनी निकाल दिला: निवडणूक घ्या. पेज लढला, जिंकला आणि त्या न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला. 2015 मध्ये, सत्तरीच्या सक्तीच्या मर्यादेपर्यंत, तो त्या पदावर होता.

1988 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या गौरवदालनात, त्याचा समावेश झाला. ते दालन त्याच्या गावी, कँटनमध्येच आहे. शाळकरी वयात त्याच्या बांधकामावर पेजने मजुरी केली होती. अशा सोहळ्यात खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा प्रशिक्षक किंवा जुना सहकारी येतो. पेजने मिनियापोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं, आणि स्वतःच्या भाषणात खेळापेक्षा शिक्षणावरच जास्त बोलला. त्याच वर्षी त्याने पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. त्याच्या शिष्यवृत्तीला एक अट आहे: पैसे घेणाऱ्याने शाळेतल्या लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. ही अट मला शिष्यवृत्तीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे कॉलेजात गेलेला विद्यार्थी पुन्हा वस्तीतल्या शाळेत येऊन बसतो.